छापण्याआधीचा वाचक

(नांदेड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नरहर कुरुंदकर गुरुजींच्या स्मरणार्थ बोलायला तुम्ही मला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. इतिहास, धर्म, राज्यघटना असे मोठे विषय या व्यासपीठाला शोभतात, हे मला ठाऊक आहे. तरीही मी आज एक रोजचा, हाताशी असलेला विषय घेतला आहे : आपण लिहिलेली कविता, कथा, समीक्षा किंवा शोधनिबंध ऑनलाइन वाङ्मयीन नियतकालिकाकडे पाठवणे.

आपल्या भागातले लिहिणारे तरुण आणि नव्याने नोकरीला लागलेले प्राध्यापक मला दोन प्रश्न विचारतात. "सर, कुठं पाठवू?" हा पहिला. "आणि किती भरावे लागतील?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाने मला आनंद होतो. दुसरा ऐकला की पोटात तुटते. लेखन प्रसिद्ध करण्यासाठी पैसे भरायचे असतात, हे आपल्या मुलांनी गृहीत धरले आहे. हे गृहीतक त्यांच्या मनात कसे शिरले आणि ते कसे काढायचे, हे मला आज सांगायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. लेखन प्रसिद्ध होण्याआधी एका परक्या, जाणत्या माणसाने ते लक्ष देऊन वाचावे, हा प्रत्येक लेखकाचा हक्क आहे. मराठवाड्यातल्या लेखकाला हा हक्क फार उशिरा आणि फार कष्टाने मिळाला. तो आपण पैसे देऊन गमावू नये.

गुरुजींचेच उदाहरण घ्या. १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरला जन्मलेला हा माणूस इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाला, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाला. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांची प्राणज्योत मालवली, तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. एवढ्या आयुष्यात त्यांनी जे लिहिले, ते बढतीच्या कोणत्याही गुणांच्या तक्त्यात भरण्यासाठी लिहिले नव्हते. आणि त्यांनी इतरांचे लेखन किती वाचले, हे आपण पुरेसे लक्षात घेत नाही. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना आठवा. रणजित देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे, गुरुजी नांदेडचे. शिवाजीमहाराजांवर कादंबरी लिहू पाहणाऱ्या लेखकाला गुरुजींनी दीर्घ पत्र लिहिले. साधने कोणती, त्यांच्यावर किती विसंबावे, दंतकथा कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो, हे सारे त्यात मोकळेपणाने मांडले. तेच पत्र पुढे कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापले गेले. मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या दोन माणसांनी पोस्टाच्या आधाराने केलेले हे काम म्हणजे ज्याला आज आपण तज्ज्ञपरीक्षण म्हणतो, त्याचा मराठीतला उत्तम नमुना आहे. त्यात मैत्री होती, पण भीड नव्हती.

मराठवाड्याला असा वाचक सहजासहजी मिळत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. परवानगीची ही सक्ती करणाऱ्या 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाची आठवण जुन्या घरांतून अजून निघते. मराठी मासिके इकडे यायची ती मुख्यतः पुण्या-मुंबईहून. नांदेडला जन्मलेले कवी वा. रा. कांत आणि परभणी जिल्ह्यात जन्मलेले बी. रघुनाथ, दोघेही १९१३ सालचे. बांधकाम खात्यात कारकुनी करत बी. रघुनाथांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि चाळिशीतच, १९५३ साली, ते गेले. या पिढीला मराठीच्या मुख्य वाचकापर्यंत पोचायला राज्याची हद्द ओलांडावी लागे.

मुक्तीनंतर चित्र पालटू लागले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक निघाले. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवायला घेतले, आणि प्रस्थापित मासिकांच्या चौकटीत न बसणाऱ्या लेखनाला हक्काचे घर मिळाले. 'अस्मितादर्श'ने कविता-कथा छापल्याच, शिवाय लेखक-वाचक मेळावे भरवून लिहिणाऱ्यांना समोरासमोर बसवले. पानतावणे सर नवख्या मुलाचे लेखन वाचत, त्याला पत्र पाठवत. तिकडे मुंबईत 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत करतानासुद्धा ती कुठे अडली ते कळवत आणि पुनर्लेखन मागत. 'सत्यकथा'शी मतभेद असणारे पुष्कळ होते. १९६९ साली तिची होळीही झाली. पण विरोधकांनीही स्वतःची लघुनियतकालिके काढली, ती वाचणारा संपादक नको म्हणून नव्हे, तर वेगळ्या दृष्टीने वाचणारा संपादक हवा म्हणून. १९८२च्या ऑगस्टमध्ये 'सत्यकथा' बंद झाली. त्याच वर्षी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. म्हणजे मोठी मासिके मिटत होती, त्याच सुमारास आपल्याकडे शिकणाऱ्या-लिहिणाऱ्यांची संख्या वाढत होती. या पोकळीत इंटरनेट आले.

इंटरनेटने काय दिले, ते मनापासून मान्य करू. कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च घटला. उदगीरच्या विद्यार्थिनीला मोबाइलवर तोच अंक त्याच दिवशी वाचता येतो, जो पुण्यातला प्राध्यापक वाचतो. 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक घरबसल्या वाचता येतात. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत. पुण्याहून निघणारे 'हाकारा' हे मराठी-इंग्रजी ऑनलाइन नियतकालिक प्रत्येक अंकासाठी एक विषय जाहीर करते आणि कविता, कथा, निबंध, दृश्यकला असे सारे एकत्र मांडते. 'पारी' या ग्रामीण भारतावरील संकेतस्थळाने गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचे भांडार हाती घेतले. तिथे ओवी वाचता येते आणि गाणारीचा आवाजही ऐकता येतो. छापील मासिकाला हे कधीच शक्य नव्हते. २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने जगभरच्या संशोधनासाठी जे मागितले, म्हणजे ज्ञान सर्वांना विनामूल्य वाचता यावे, ते आपल्यासारख्या ग्रंथालयांची वानवा असलेल्या भागाला सर्वांत जास्त गरजेचे आहे.

आता दुखऱ्या जागेकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांनी प्राध्यापकाच्या बढतीला लेखनाचे गुण जोडले. हेतू चांगला होता. पण लेख मोजायला सोपा आणि त्याचा दर्जा मोजायला अवघड, म्हणून मोजणीच उरली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गावोगाव उगवली. सकाळी पाठवा, संध्याकाळी स्वीकृतीपत्र घ्या, सोबत प्रमाणपत्र घ्या. अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१०च्या सुमारास अशा प्रकाशनांना 'शिकारी' म्हटले. २०१८ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहून दाखवले की, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या ज्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी २ मे रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ साली आयोगाची मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली. नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. फेब्रुवारी २०२५मध्ये 'केअर' यादीही बंद झाली आणि नियतकालिक पारखायचे काम महाविद्यालयांवर आणि आपल्यावर आले.

ही जबाबदारी मला स्वागतार्ह वाटते. यादी बघून लेख पाठवणाऱ्याला अंक वाचावा लागत नव्हता. आता वाचावा लागेल.

पारखायचे कसे? काही गोष्टी सांगतो. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. तो मिळण्यासाठी कुणाला विद्वत्ता सिद्ध करावी लागत नाही. म्हणून मुखपृष्ठावर तो ठळक छापला आहे एवढ्याने भुलू नका. संपादक मंडळातली नावे पाहा. ती माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, आपण मंडळात आहोत हे त्यांना ठाऊक आहे का, ते तपासा. एकाच अंकात मराठी कादंबरी, रसायनशास्त्र, बँकिंग आणि योगासने असतील, तर तो अंक कुणी वाचून काढला असेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. जुने अंक उघडतात का? परीक्षणाला किती वेळ लागतो, लेख कसा नाकारला जातो, हे लिहिले आहे का? जगात पैसे आकारणारी काही चांगली मुक्त नियतकालिकेही आहेत, पण मराठी वाङ्मयीन नियतकालिकांत लेखकाने पैसे भरण्याची परंपरा नाही आणि ती पडू देऊ नये. आणि सर्वांत सोपी कसोटी अशी : ज्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एकही लेख तुम्ही आवडीने शेवटपर्यंत वाचलेला नाही, तिथे आपला लेख पाठवू नका.

आता पाठवण्याविषयी. मी स्वतः एका नियतकालिकासाठी आलेले लेखन वाचतो, त्या अनुभवातून हे बोलतो आहे.

आधी अक्षरांचे बघा. आपल्याकडे डीटीपीच्या दुकानात अजूनही जुन्या फाँटात टंकन होते. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता चिखल होतो. ऑनलाइन नियतकालिकाला युनिकोड मराठीच लागते. टंकन स्वतः शिका. मोबाइलवर बोलून लिहिले तरी नंतर एकेक ओळ तपासा. 'ॲ' आणि 'ऱ्य' यांसारखी मराठीची खास अक्षरे बरोबर उमटली आहेत का, ते पाहा. कवितेच्या ओळी जिथे तोडल्या तिथेच तुटल्या पाहिजेत, म्हणून सोबत पीडीएफही जोडा. पानांचे फोटो काढून पाठवू नका.

कवी-कथाकारांनी निवडून थोडेच पाठवावे. वहीतल्या सगळ्या कविता एकदम पाठवल्या की निवडीचे काम संपादकावर पडते, आणि निवड हा कवीच्या कामाचाच भाग आहे. सोबतचे पत्र चार ओळींचे पुरे : मी कोण, काय पाठवतो आहे, हे इतरत्र प्रसिद्ध झालेले नाही. पुरस्कारांची यादी नको. एक लेखन एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. उत्तर फार लांबले तर नम्रपणे विचारा, आणि मागे घ्यायचे असेल तर कळवून मागे घ्या. फेसबुकवर टाकलेली कविता बहुतेक नियतकालिके प्रसिद्ध झालेली मानतात, हेही ध्यानात ठेवा. आणि आपली बोली पुसू नका. कंधारच्या, किनवटच्या, निलंग्याच्या माणसाच्या तोंडी पुण्याची भाषा घातली की गोष्ट तिथेच मरते. निवेदनाचे शुद्धलेखन काटेकोर ठेवा आणि संवादातली बोली खरी ठेवा. संपादकाने ती 'सुधारली' तर कारण विचारा.

संशोधकांनी आधी प्रश्न ठरवावा. "अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण : एक अभ्यास" हा विषय झाला, त्यात प्रश्न कोणता, ते दिसत नाही. लेखाच्या पहिल्या पानावर प्रश्न दिसला पाहिजे आणि शेवटच्या पानावर त्याचे उत्तर. आधी कुणी काय लिहिले आहे, ते नाव घेऊन सांगा. इतरांचे वाक्य घेतले तर अवतरणात घ्या, कल्पना घेतली तर श्रेय द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी साहित्यचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या : दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेले तर सर्वांत कडक कारवाई. काही जण त्याचा अर्थ दहा टक्के चोरी चालते असा घेतात. हा समज चुकीचा आहे. एक वाक्यही दुसऱ्याचे असेल तर ते त्याचेच आहे. मराठी मजकुराची चोरी सॉफ्टवेअरला पुरती पकडता येत नाही, म्हणून तर आपली जबाबदारी अधिक. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या लेखाबाबतही हाच न्याय लागतो. प्रकाशननीतीचा विचार करणाऱ्या 'कोप' या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ साली स्पष्ट केले की यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, कारण ते लेखनाची जबाबदारी घेऊ शकत नाही.

क्षेत्रकाम करणाऱ्यांना एक विनंती. तांड्यावरच्या आजीकडून गोरमाटी गाणे ध्वनिमुद्रित केलेत, तर ते ऑनलाइन जाणार आहे आणि जगभर ऐकले जाणार आहे, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगा. तिची संमती घ्या, तिचे नाव द्यायचे की नाही हे तिलाच ठरवू द्या. आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर तिला तो वाचून दाखवा.

हक्कांबद्दलही लेखकाने जागे राहावे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणारा लेखकच आपल्या लेखनाचा पहिला धनी असतो. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून "सर्व हक्क प्रकाशकाकडे" असा अर्ज डोळे झाकून भरू नका. कविता पुढे आपल्या संग्रहात घेता येईल ना, एवढे तरी विचारून घ्या. आणि आपल्या लेखनाची प्रत जपून ठेवा. वर्गणी भरली नाही की संकेतस्थळ बंद पडते आणि त्यावरचे सगळे एका दिवसात नाहीसे होते. छापील अंक निदान कुणाच्या तरी कपाटात सापडतो.

नकाराबद्दल दोन शब्द. "साभार परत" हे उत्तर मिळाले की आपल्याकडची मुले खचतात. आपण नांदेडचे, लातूरचे म्हणून नाकारले, असे त्यांना वाटते. कधी कधी तसे घडलेही असेल. पण परीक्षकाचा शेरा आला असेल तर तो एकदा वाचून बाजूला ठेवा, आठवड्याने पुन्हा वाचा. त्यातले जे पटेल ते दुरुस्त करा, जे पटणार नाही त्याला कारण देऊन उत्तर लिहा. मतभेद लिहून कळवणे हे गुरुजींच्या परंपरेतच बसते. कोणताही शेरा न देता स्वीकारलेल्या लेखापेक्षा दोन पाने शेरे लिहून परत आलेला लेख लेखकाला अधिक काही देऊन जातो.

आणि लिहायचे कशावर? विषय आपल्या पायाखाली आहेत. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर. खरोशाची लेणी, होट्टलची देवळे, कंधारचा किल्ला, माहूर, माळेगावची यात्रा. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी हादरली. त्या रात्रीनंतरच्या पुनर्वसित गावांतली भाषा, गाणी, घरांची नावे कशी बदलली? २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. त्या उन्हाळ्याची कथा लातूरच्या माणसाने किती सांगितली? धर्माबाद, बिलोली, देगलूरला तेलुगू-मराठी एका घरात नांदतात. उदगीर, निलंग्याकडे कन्नड आणि दखनी कानावर पडते. या चार भाषांच्या सीमेवर जगणाऱ्यांनी केलेले अनुवाद कुठे आहेत? २०२२च्या एप्रिलात उदगीरला भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या मानासोबत येणारे कष्ट आता आपल्याला उचलायचे आहेत.

शेवटी संस्थांकडे वळतो. आपल्या विद्यापीठाने आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन एकच ऑनलाइन वाङ्मयीन नियतकालिक काढावे. वर्षाला दोनच अंक काढावेत. लेखकाकडून एक रुपया घेऊ नये. प्रत्येक लेख दोन परीक्षकांनी, त्यातला एक तरी मराठवाड्याबाहेरचा, नाव न कळता वाचावा. नाकारलेल्या प्रत्येकाला निदान एक परिच्छेद कारण कळवावे. इतरांचे लेख तपासण्याच्या कामाची नोंद प्राध्यापकाच्या सेवापुस्तकात व्हावी, कारण ते अध्यापनाइतकेच गंभीर काम आहे. यासाठी मोठा निधी लागत नाही. वाचणारी माणसे लागतात, आणि ती या सभागृहात बसलेली आहेत.

तुम्हा सर्वांना माझे एवढेच मागणे आहे. पुढचा लेख पैसे घेऊन छापणाऱ्याकडे पाठवू नका, वाचणाऱ्याकडे पाठवा. आणि तुमच्याकडे कुणी नवखा मुलगा, एखादी मुलगी आपले लेखन घेऊन आली, तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि खरे काय वाटले ते लिहून द्या. गुरुजींनी आयुष्यभर हेच केले. त्यांच्या नावाने जमलेल्यांनी निदान एवढे करावे.